जपानला आई-बाबा स्वतःचे स्वतः जाताहेत: फोन, ओटीपी आणि रेल्वेबद्दल माहिती हवी आहे

बकुळा

नमस्कार मंडळी,

आई-बाबा आणि मावशी-काका असे चौघं नोव्हेंबरात जपानला निघालेत. मुंबईहून नारिता, टोकियोत सहा रात्री, मग शिनकानसेननं (बुलेट ट्रेननं) क्योतो, शेवटी ओसाका आणि परतीचं विमान कान्साईहून. सगळे पासष्ट ते बहात्तरच्या मधले. तब्येती चांगल्या आहेत, फक्त आईच्या गुडघ्यांना जिने सोसत नाहीत. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे चौघांचं ठाम आहे. पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवा, बसमध्ये बसा, पंधरा मिनिटांत फोटो काढून परत या, हे त्यांनी युरोपात केलंय. या वेळी एखाद्या बागेत बसून अख्खी दुपार घालवावीशी वाटली तर घालवू, असं बाबा म्हणतात आणि मला ते अगदी पटतं.

विमानं आणि हॉटेलं झाली. माझा जीव अडकलाय तो दोन गोष्टींत. तिथं त्यांचे फोन नीट चालावेत, आम्हाला पुण्यातून बोलता यावं आणि बँकेचे ओटीपी यावेत, ही एक. आणि टोकियोच्या रेल्वेत वाट चुकलीच तर परत हॉटेलवर कसं यायचं हे चौघांपैकी प्रत्येकाला ठाऊक असावं, ही दुसरी. बाबांकडे आयफोन १३ आहे, काकांकडे मध्यम किमतीचा अँड्रॉइड, आई आणि मावशीचे फोन जुने.

नेटवर परस्परविरोधी माहिती आहे. रेल्वे-बसचं भाडं भरायचं सुईका नावाचं प्रीपेड कार्ड मिळत नाही असं एकीकडे, मिळतं असं दुसरीकडे. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

आडवाट

बकुळा, आधी फोनचं सांगतो, कारण ती सगळी तयारी पुण्यातच व्हायला हवी.

आयफोन १३ वर ई-सिम, म्हणजे वेगळं प्लास्टिकचं कार्ड न घालता फोनमध्येच भरायचं सिम, चालतं. काकांच्या फोनवर *#०६# डायल करून बघा. आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर त्यांच्याही फोनवर चालेल. नाही दिसला तर दोन सिमची जागा आहे का ते बघा आणि दुसऱ्या जागेत जपानचं प्रवासी डेटा सिम घाला. काहीही झालं तरी भारतातलं सिम फोनमधून बाहेर काढू नका. आपल्या बऱ्याच बँकांची अ‍ॅप सिमला बांधलेली असतात. सिम काढलं की अ‍ॅप पुन्हा नोंदणी मागू शकतं आणि तो नोंदणीचा एसएमएस त्याच सिमवरून जावा लागतो. क्योतोच्या हॉटेलात बसून हे निस्तरणं फार जिकिरीचं होतं.

ई-सिम घरच्या वायफायवर आधीच भरून ठेवा, चालू मात्र तिथं उतरल्यावर करा. मग सेटिंगमध्ये दोन गोष्टी. मोबाइल डेटासाठी ई-सिमची लाईन निवडायची आणि त्या लाईनचं डेटा रोमिंग चालू ठेवायचं. प्रवाशांना विकली जाणारी बरीचशी ई-सिम ही स्वतःच रोमिंगवर चालतात, त्यामुळे हे बटण बंद असेल तर सिग्नलचे दांडे पूर्ण दिसतात आणि नेट मात्र येत नाही. बहुतेकांची तक्रार इथंच सुटते. भारतीय लाईनचं डेटा रोमिंग मात्र बंद. आयफोनवर 'मोबाइल डेटा स्विचिंगला परवानगी' असंही एक बटण असतं, तेही बंद करा, नाहीतर ई-सिमचा सिग्नल गेला की फोन गुपचूप भारतीय सिमचा डेटा वापरू लागतो.

ओटीपीसाठी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण आलेला कॉल उचलला की पडतात. तेव्हा चौघांच्या मित्रमंडळींना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा की या तारखांत साधा फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर करा. प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाईल एवढं बघा. मुदत संपली की ओटीपीही थांबतो.

व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं. नवीन सिम घातल्यावर ते नंबर बदलायचा का विचारेल, तिथं 'नाही'.

---

लेकुरवाळी

आई आणि मावशीचे फोन जुने असतील तर पॉकेट वायफायचा, म्हणजे खिशात मावणाऱ्या नेटच्या डबीचा, विचार करा की. विमानतळावरच्या काउंटरवर भाड्यानं मिळतं, एका डबीवर चारपाच फोन चालतात, परत देताना सोबत दिलेल्या पाकिटात घालून टपालपेटीत टाकलं की झालं. आम्ही कुटुंबानं तेच वापरलं, उत्तम चाललं.

---

आडवाट

@लेकुरवाळी, लहान मुलं बरोबर असतील तर ठीक, कारण ती आपल्यापासून लांब जात नाहीत. इथं चार मोठी माणसं आहेत. डबी बाबांच्या खिशात, आणि आई-मावशी दुकानात शिरल्या की दोघींचं नेट गेलं. नेमकी ज्या क्षणी गरज पडते तेव्हाच ते नसतं. शिवाय डबी संध्याकाळपर्यंत चार्ज टिकवायची, म्हणजे आणखी एक उपकरण सांभाळायचं. माझं मत स्पष्ट आहे: निदान दोन फोनवर स्वतंत्र डेटा हवा, आणि दोन जोड्या वेगळ्या झाल्या तर प्रत्येक जोडीत एक चालता फोन. बाबा एका जोडीत, काका दुसऱ्या.

फुकट वायफायच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. विमानतळावर आणि हॉटेलात ते चांगलं असतं, पण सेव्हन-इलेव्हन आणि फॅमिलीमार्टनं दुकानांतलं आपलं वायफाय २०२२ मध्ये बंद केलं. जुन्या ब्लॉगांवर अजून ते सापडतं.

---

निशिकासाईकर

नमस्कार. मी टोकियोच्या एदोगावा भागात निशि-कासाईला राहतो. इथं भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि दर हंगामात कुणाचे ना कुणाचे आई-वडील येतात, त्यामुळे हे प्रश्न ओळखीचे आहेत.

आधी सुईकाचा घोळ. चिप्सच्या टंचाईमुळे जून २०२३ पासून साध्या सुईका आणि पास्मो कार्डांची विक्री थांबली होती. मार्च २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली. म्हणून दोन्ही प्रकारचं वाचायला मिळतं. साध्या कार्डाला ५०० येन अनामत असते. प्रवाशांसाठी वेलकम सुईका वेगळं आहे: ते नारिता आणि हानेदा विमानतळांवर मिळतं, अनामत नाही, २८ दिवस चालतं, पण उरलेली रक्कम परत मिळत नाही. चौघांसाठी चार कार्डं घ्या. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकानं आत जाताना आणि बाहेर पडताना आपापलं कार्ड टेकवायचं असतं. हीच कार्डं क्योतो-ओसाकातही चालतात. बस, मेट्रो, दुकानं, पेयांची यंत्रं, सगळीकडे.

फोनमधल्या सुईकाच्या नादाला बाबांना लावू नका. भारतातली कार्डं अ‍ॅपल पेमध्ये बसत नाहीत, त्यामुळे त्यात पैसे भरताना अडतं. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनवर सहसा ते चालतच नाही, कारण कार्ड टेकवायची इथली फेलिका नावाची पद्धत त्यात नसते. प्लास्टिकचं कार्ड आणि रोख येन, हे सर्वांत बिनघोर. स्टेशनवरच्या यंत्रात भाषा इंग्रजी करता येते, कार्ड ठेवायचं, हजाराची नोट घालायची, झालं. कार्डावर जास्तीत जास्त २०,००० येन राहतात. पण एकदम इतके भरू नका, दोनतीन हजार पुरतात.

पैसे कमी पडले तर बाहेरचं फाटक बंद होतं आणि आवाज येतो. घाबरायचं कारण नाही. फाटकाच्या आतल्या बाजूलाच भाड्याचा फरक भरायचं यंत्र असतं, तिथं कार्डात भर घालून पुन्हा टेकवायचं. यंत्र कळलं नाही तर सगळ्यात कडेच्या रुंद फाटकाशी खिडकीत माणूस बसलेला असतो, त्याच्या हातात कार्ड द्यायचं. तो बघून बाकीचं करतो. ही खिडकी चौघांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा असं म्हणालो असतो, पण तुम्ही बरोबर नाही, म्हणून आधी फोटो दाखवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. टोकियोत कार्ड टेकवून आत गेलात आणि क्योतोला बाहेर पडलात, असं करता येत नाही. लांबच्या प्रवासाचं तिकीट वेगळं काढायचं.

---

ठाणे_स्लो

स्टेशनांची नावं कशी लक्षात ठेवायची? माझ्या आईला असाकुसा आणि आकासाका एकच वाटायचं.

---

निशिकासाईकर

@ठाणे_स्लो, नावं लक्षात ठेवूच नयेत. टोकियोत प्रत्येक स्टेशनाला मार्गाचं अक्षर आणि क्रमांक आहे. गिन्झा मार्ग नारिंगी, अक्षर जी. गिन्झा स्टेशन जी-०९, असाकुसा जी-१९, आकासाका-मित्सुके जी-०५. गिन्झाहून असाकुसाला जायचं तर नऊपासून एकोणीसकडे, म्हणजे आकडे वाढत्या बाजूची गाडी. पुढचं स्टेशन जी-१० आलं तर बरोबर, जी-०८ आलं तर उतरून समोरच्या फलाटावर जायचं. जपानीचं एक अक्षर न वाचता हे जमतं. तुमच्या आईंना अंक कळतात ना, मग पुरे.

रोज सकाळी निघताना हॉटेलाच्या जवळच्या स्टेशनाचं अक्षर आणि आकडा प्रत्येकाच्या खिशात कागदावर असू द्या.

आता गाड्यांच्या प्रकाराबद्दल. एकाच फलाटावर धीमी आणि जलद दोन्ही येतात. आमच्याच तोझाई मार्गाचं उदाहरण: उरायासूच्या दिशेची जलद गाडी तोयोचोनंतर थेट उरायासूला थांबते, निशि-कासाई मध्येच सुटतं. भारतीय जेवणासाठी इकडे येणारे पाहुणे हमखास उरायासूला पोहोचतात आणि तिथून फोन करतात. तुमच्याकडे दादरला फास्ट पकडून माटुंग्याला उतरायचा बेत केला तर जे होईल, तेच. डब्यावर आणि फलाटावरच्या पाटीवर गाडीचा प्रकार लिहिलेला असतो, 'लोकल' हा शब्द इंग्रजीतही असतो. शंका आली तर लोकल पकडायची, उशीर होतो पण ती सगळीकडे थांबते.

---

हिशेबी

बकुळाताई, कुणीतरी नक्कीच जेआर पास (जेआर म्हणजे जपान रेल्वे, तिच्या गाड्यांत ठरावीक दिवस फिरायचा पास) घ्या म्हणून सांगेल. घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० झाली. टोकियो-क्योतो नोझोमीचं, म्हणजे सर्वांत जलद शिनकानसेनचं, आरक्षित तिकीट साधारण १४,००० येनांचं आहे. तुमची मंडळी एकदाच आणि एकाच दिशेनं जाताहेत, परत कान्साईहून येणार. म्हणजे माणशी चौदा हजारांच्या जागी पन्नास हजार. शिवाय नोझोमी पासवर चालत नाही, त्यासाठी वरून आणखी पैसे भरावे लागतात. चौघांचे मिळून लाखभर येन वाचतील. त्यात क्योतोत एक रात्र चांगल्या जपानी पद्धतीच्या सराईत काढता येईल, तेवढं सुचवतो.

---

आडवाट

हिशेबींना पूर्ण अनुमोदन.

शिनकानसेनचं तिकीट स्मार्ट-ईएक्स अ‍ॅपवर भारतातून काढता येतं. कार्ड लावताना ओटीपी लागतो, म्हणून हे काम घरी, भारतीय नेटवर्कवर असतानाच उरका. तिथलं विमानतळाचं बसतिकीट, बागांची वेळ ठरवलेली तिकिटं, जे जे कार्डानं भरायचं ते इथूनच. तिथं गेल्यावर ओटीपी बहुतेक वेळा येतो, पण कधी उशिरा येतो आणि पानाची मुदत तोवर संपते. मनःस्ताप त्याचाच असतो.

आणि एक: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करायचे, एटीएम, दुकानातलं मशीन आणि टॅप अशी तिन्ही बटणं वेगवेगळी असतात, तिन्ही बघा. रोख काढायला सेव्हन-इलेव्हनमधली एटीएम परदेशी कार्डं घेतात. यंत्रानं किंवा दुकानदारानं 'रुपयात भरू का येनमध्ये' असं विचारलं तर नेहमी येन म्हणायचं. रुपयात भरलं की दर त्यांचा लागतो आणि तो महाग असतो.

---

बकुळा

केवढी माहिती! सगळं बाबांना वाचून दाखवतेय. बाबा विचारताहेत, शिनकानसेनमधून फुजी दिसतो म्हणतात, तर कुठल्या बाजूला बसायचं? आणि बॅगांचं काय करायचं? प्रत्येकाची एक मोठी बॅग असेल.

---

निशिकासाईकर

टोकियोहून क्योतोकडे जाताना उजव्या बाजूला. खिडकीची जागा म्हणजे ई. गाडी सुटल्यापासून पाऊण तासाच्या आसपास शिन-फुजीजवळ बघायला सुरुवात करा. नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते, दिसायची शक्यता चांगली. बाबांना सांगा, कॅमेरा आधीच हातात ठेवा, गाडी वाट बघत नाही.

बॅगांबद्दल मात्र नीट वाचा. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरांपेक्षा जास्त असेल तर या मार्गावर डब्याच्या शेवटच्या रांगेमागची जागा आसनाबरोबरच आरक्षित करावी लागते. न करता नेली तर १,००० येन भरावे लागतात. पण मी म्हणेन, बॅगा बरोबर नेऊच नका. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर सांगा की या क्योतोच्या हॉटेलला पाठवायच्या आहेत. यामातो नावाची सेवा आहे, काळ्या मांजरीचं चिन्ह असतं. काउंटरवरची मुलगी पत्ता जपानीत लिहून देते, दुसऱ्या दिवशी बॅगा तिथं पोहोचलेल्या असतात. मोठ्या बॅगेला साधारण दोनतीन हजार येन. एका रात्रीचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि चार्जर पाठीवरच्या लहान पिशवीत. औषधं कधीही मोठ्या बॅगेत पाठवू नका.

गाडी मधल्या स्टेशनांवर एकदीड मिनिटच थांबते. आईंच्या गुडघ्यांना आणि चार मोठ्या बॅगांना त्या वेळात उतरवणं म्हणजे सगळ्यांच्याच जिवाला घोर. मोकळ्या हातानं उतरणं किती सोपं आहे ते केल्यावरच कळतं.

तिकीट कागदी काढलंत तर कधी कधी भाड्याचं आणि जलद गाडीचं अशी दोन तिकिटं हातात येतात. दोन्ही एकावर एक ठेवून फाटकात एकदम घालायची, आणि पलीकडून निघालेली उचलायला विसरायचं नाही. उतरताना पुन्हा लागतात.

---

मांडवीतीर

गुडघ्यांवरून आठवलं. आमच्या आईला घेऊन गेलो तेव्हाचा मोठा धडा हा की जपानच्या स्टेशनात लिफ्ट असते, पण प्रत्येक दाराशी नसते. गुगल मॅप्समध्ये मार्ग शोधताना पर्यायांत जाऊन व्हीलचेअरला सोयीचा मार्ग निवडायचा. व्हीलचेअर नसली तरी. मग तो लिफ्ट असलेल्या दारानं नेतो. स्टेशनातल्या पिवळ्या पाट्यांवर दारांचे क्रमांक असतात, मॅप्स जो क्रमांक सांगेल त्याच दारानं बाहेर पडायचं. शिंजुकूला दोनशेच्या वर दारं आहेत. चुकीच्या दारानं वर आलं की रस्ता ओलांडता ओलांडता अर्धा तास जातो, आणि दुखऱ्या गुडघ्यांना तो अर्धा तास फार असतो.

टोकियो स्टेशनवर केइयो मार्गाचा फलाट बाकीच्यांपासून खूप लांब आहे, बरीच पायपीट होते. डिस्नेलँडला जायचं नसेल तर तिकडे वळूच नका.

आणि टॅक्सीला कचरू नका. चौघं आहात, जवळचं अंतर असेल तर माणशी खर्च फार होत नाही. डावीकडचं मागचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं, हात लावायचा नाही. हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत दाखवायचा. तिथं बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, पत्ता विभाग, गट आणि घर अशा आकड्यांत चालतो, त्यामुळे इंग्रजी अक्षरांतला पत्ता चालकाला वाचायलाही त्रास होतो. रात्री दहानंतर भाडं वाढतं. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास जातात, मग टॅक्सीच उरते.

---

लेकुरवाळी

@मांडवीतीर, अगदी खरं. क्योतोच्या बसबद्दलही सांगते. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरायचं, पैसे उतरताना. शहरात सरसकट २३० येन. बसचा एकदिवसीय पास आता नाही, तो २०२४ पासून बंद झाला. मेट्रो आणि बसचा एकत्र पास आहे. पण नोव्हेंबरात मेपल लाल झालेले असतात तेव्हा बस इतक्या भरतात की साठीच्या माणसानं उभं राहून जाणं कठीण. शक्य तिथं मेट्रो आणि लोकल रेल्वेनं जा, शेवटचा टप्पा टॅक्सीनं.

---

गोदाकाठ

बकुळाताई, माझं वय एकोणसत्तर. मी आणि सौ. असेच दोघं गेलो होतो. तरुण मंडळींनी फोनचं उत्तम सांगितलं आहे, मी फोन बंद पडल्यावरचं लिहितो.

सकाळी आठला निघालेल्या माणसाचा फोन नकाशे, फोटो आणि भाषांतर करता करता दुपारी तीनला मान टाकतो. आमच्या वयाच्या माणसाच्या हातात त्या क्षणी काय आहे, यावर पुढचा सगळा दिवस अवलंबून असतो. म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद ठेवा. त्यावर हॉटेलचं नाव आणि पत्ता जपानी लिपीत, हॉटेलचा फोन, जवळच्या स्टेशनाचं अक्षर आणि आकडा, कुठल्या दारानं बाहेर पडायचं तो क्रमांक, चौघांचे मोबाइल नंबर देशाच्या संकेतांकासह, रक्तगट आणि चालू औषधांची मूळ नावं. हॉटेल बदललं की कागद बदलायचा. आम्ही हॉटेलच्या काउंटरवर विनंती करून पत्ता त्यांच्याच हातानं लिहून घेतला. त्या मुलीनं स्टेशनापासूनचा छोटा नकाशाही पेन्सिलीनं काढून दिला, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान आणि लाल टपालपेटीसकट. तो कागद आम्ही गुगलपेक्षा जास्त वापरला.

चौघांनी नियम आधी ठरवावा. गाडीत चढताना कुणी मागे राहिलं तर मागे राहिलेल्यानं त्याच फलाटावर थांबायचं. पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनावर उतरून परत यायचं. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना शोधायला निघायचं नाही.

वाट चुकलात तर कोबान शोधा. चौकाचौकात पोलिसांची छोटी खोली असते, भिंतीवर किंवा टेबलावर त्या भागाचा बारीक नकाशा असतो. कागद पुढे केला की ते बोटानं रस्ता दाखवतात. स्टेशनांत अजून हिरवे सार्वजनिक फोन आहेत, दहा आणि शंभर येनांची नाणी चालतात. हॉटेलला फोन करायला दहाची दोनतीन नाणी वेगळी ठेवा. पोलीस ११०, अग्निशमन आणि रुग्णवाहिका ११९, याला नाणं लागत नाही. जपानच्या पर्यटन संस्थेचा चोवीस तास इंग्रजीतून बोलणारा क्रमांक ०५०-३८१६-२७८७ हाही कागदावर हवा. आजारपण, अपघात, भूकंप, कशासाठीही फोन करता येतो. पासपोर्ट मात्र हॉटेलात ठेवू नका, परदेशी पाहुण्यानं तो कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे.

आणि त्यांना जाऊ द्या. तुमची काळजी समजते, पण आम्ही दोघं त्या प्रवासातून जो आत्मविश्वास घेऊन आलो तो टूरच्या बसमधून मिळाला नसता.

---

बकुळा

गोदाकाठ काका, तुमचा प्रतिसाद आईनं दोनदा वाचून घेतला. कागदाचं काम तिनं स्वतःकडे घेतलंय. मनापासून आभार.

---

ठाणे_स्लो

व्हिसाबद्दल एक, कारण त्याचाही संबंध नेटशी आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना जपानचा ई-व्हिसा मिळतो, पासपोर्टवर स्टिकर नसतं. विमानतळावर व्हिसाची सूचना फोनवर, नेट चालू असताना, प्रत्यक्ष संकेतस्थळावर उघडून दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील प्रत धरत नाहीत. मुंबईला अडचण नाही. नारिताला उतरल्यावर रांगेत उभं राहण्याआधी विमानतळाचं वायफाय किंवा ई-सिम चालू करून चौघांची पानं उघडून ठेवायची. आई आणि मावशीचं पान बाबांच्या फोनवर उघडता येईल का ते आधी घरी करून बघा, लॉगिनचे तपशील हाताशी हवेत.

व्हिजिट जपान वेब नावाच्या संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती घरूनच भरता येते. त्याचा क्यूआर कोड मिळतो, मग विमानात अर्ज लिहीत बसावं लागत नाही.

---

आडवाट

उत्तम मुद्दा. काही राहिलेलं एकत्र टाकतो.

जपानमधलं प्रवासी सिम बहुधा फक्त डेटाचं असतं, त्याला फोन नंबर नसतो. हॉटेलला किंवा खाणावळीला फोन करायचा तर भारतीय सिमवरून महाग पडतो. पूर्वी स्काईप सुचवायचे, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. सोपा उपाय म्हणजे हॉटेलच्या काउंटरला सांगायचं, ते आनंदानं फोन करून देतात.

तुम्हाला पुण्यातून लक्ष ठेवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन एका वेळी आठ तासांपर्यंत चालतं. बाबांनी सकाळी निघताना चालू करायचं. बॅटरी खातं, म्हणून पॉवर बँक हवीच. ती केबिनमध्येच न्यायची, आणि जुलै २०२५ पासून जपानी विमान कंपन्या ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, जवळ ठेवायची. प्लगला दोन चपट्या पट्ट्या लागतात, आपला गोल पिनांचा जात नाही. वीज १०० व्होल्ट आहे. चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर फक्त अ‍ॅडॉप्टर पुरतो.

वेळेत साडेतीन तासांचा फरक आहे. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिथं साडेबारा. बोलायची वेळ तुमच्या संध्याकाळी पाचची ठरवा.

गाडीत फोनवर बोलणं तिथं वाईट दिसतं. स्पीकरवर व्हिडिओ कॉल तर नकोच. मेसेज टाकायचा, उतरल्यावर बोलायचं. म्हणून त्यांनी कॉल उचलला नाही तर लगेच घाबरू नका.

गुगल ट्रान्सलेटमध्ये जपानी भाषेचा संच उतरवून ठेवा, कॅमेरा पाटीवर धरला की नेटशिवायही काम भागतं. ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप पूर्ण नकाशा फोनमध्ये उतरवतं, त्यात हॉटेल खूण करून ठेवा. भूकंपाच्या सूचनांसाठी 'सेफ्टी टिप्स' हे अ‍ॅप इंग्रजीत आहे.

---

सागरगोटा

विषयांतर होतंय, पण दुबईत व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागतच नाही, मुलाशी बोलता येईना. काय करायचं?

---

आडवाट

@सागरगोटा, अमिरातीत इंटरनेटवरचे कॉल परवाना असलेल्या अ‍ॅपवरूनच चालतात. मेसेज जातात, कॉल अडवले जातात. तिथं बोटिम वापरतात, दोन्ही बाजूंना ते असावं लागतं. चीनमध्ये तर गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही स्थानिक वायफायवर बंद. जपानमध्ये असं काहीच नाही. दुबईसाठी वेगळा धागा काढा, तिथं राहणारे बरेच जण आहेत इथं.

---

मांडवीतीर

परतीच्या प्रवासाचं कुणी सांगितलं नाही. ओसाकाहून कान्साईला जाणारी जेआरची विमानतळ जलद गाडी मध्ये हिनेनो स्टेशनावर दुभंगते. काही डबे विमानतळाला जातात, उरलेले वाकायामाला. डब्यात पाटी असते आणि इंग्रजीत घोषणाही होते, पण चढतानाच फलाटावर विमानतळाचे डबे कुठले ते विचारून घ्या. आमच्यासमोर एक कुटुंब हिनेनोला बॅगा ओढत डबे बदलत होतं. हारुका एक्सप्रेस किंवा नानकाई कंपनीची गाडी घेतली तर हा प्रश्नच नाही.

---

निशिकासाईकर

बरोबर. आणि जाताना नारिताहून: ते शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे. हॉटेल उएनो बाजूला असेल तर स्कायलायनर ही जलद गाडी, निप्पोरी स्टेशनापर्यंत चाळीस मिनिटांच्या आत. पण रात्रभराच्या विमानप्रवासानंतर चार ज्येष्ठ आणि चार बॅगा असतील तर मी लिमोझिन बस घेईन. बऱ्याच मोठ्या हॉटेलांच्या दाराशी ती थांबते, बॅगा कर्मचारी चढवतात-उतरवतात, जिने नाहीत. पहिल्या दिवशी शिकायचं काही नको, नुसतं पोहोचायचं. रेल्वेचं दुसऱ्या दिवशी, सकाळी दहानंतर, गर्दी ओसरल्यावर. पहिला प्रवास दोनचार स्टेशनांचाच ठेवा.

टोकियोत एखाद्या दिवशी खूप फिरायचं असेल तर २४, ४८ आणि ७२ तासांचं सबवे तिकीट मिळतं. तास पहिल्या वापरापासून मोजतात, म्हणजे दुपारी सुरू केलं तर दुसऱ्या दुपारपर्यंत चालतं. जेआरच्या गाड्यांवर मात्र ते चालत नाही.

---

बकुळा

शेवटचा प्रश्न, काकांचा. सुईकात पैसे उरले तर? साधं कार्ड घ्यावं की वेलकम?

---

निशिकासाईकर

साध्या सुईकाची अनामत आणि उरलेली रक्कम परत मिळते, पण ती जेआर ईस्टच्या भागात, म्हणजे टोकियोकडच्या खिडकीवरच, आणि उरलेल्या रकमेतून २२० येन कापतात. तुमची मंडळी ओसाकाहून परतणार, तिथं ते परत करता येणार नाही. म्हणून त्यांच्यासाठी वेलकम सुईका बरं. शेवटच्या दोन दिवसांत भर घालताना हात आखडता ठेवायचा आणि कान्साईच्या दुकानात जे उरेल त्याचं खाऊ-चॉकलेट घ्यायचं. रक्कम कमी पडली तर उरलेले रोखीनं द्यायचे, काउंटरवर कार्ड दाखवून तसं सांगितलं की ते करून देतात.